‘परीस’, प्रसिद्धी आणि वाचक : एका अद्भुत कुमारकादंबरीच्या मराठी वाचनाविषयी

१

नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत आपण अद्भुताकडे का वळलो याचे जे कारण दिले आहे, ते मराठी कादंबरीच्या अभ्यासकांना परिचित आहे. आपल्या लोकांच्या रीतिभाती, लहानपणीच उरकले जाणारे विवाह आणि एकंदर जीवनक्रम इतका ठरावीक, की त्यात कादंबरीला विषय व्हावा असे काही घडतच नाही. तेव्हा वाचकाचे मन रमवायचे तर अद्भुताचा आश्रय करण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे अद्भुत ही जीवनातील उणीव भरून काढणारी गोष्ट ठरली. पुढच्या समीक्षेने रिसबुडांच्या कादंबरीला फारशी किंमत दिली नाही. त्यांची ही उपपत्ती मात्र तिने जवळजवळ जशीच्या तशी उचलली. हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’पासून (१८८५) जीवनातच विषय सापडू लागले, त्यामुळे अद्भुताची गरज संपली, असा एक सोयीचा इतिहास तयार झाला. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची जी त्रिविध मांडणी केली, तीत ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्याबरोबर ‘मुक्तामाला’ (१८६१) हिलाही एका स्वतंत्र प्रवृत्तीचे नाव मिळाले खरे, परंतु ते रंजनपरतेचे नाव म्हणून.

या इतिहासाचा एक परिणाम असा झाला की अद्भुत कादंबरी हळूहळू वयाने लहान होत गेली. गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या किंवा नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) एकेकाळी प्रौढांनी रात्री जागून वाचली; नंतर त्याच कादंबऱ्या शाळकरी वयात वाचून सोडून द्यावयाच्या मानल्या गेल्या. पदव्युत्तर वर्गात अद्भुतरसाचा उल्लेख होतो तो रसांच्या यादीत, स्थायिभाव विस्मय एवढे सांगण्यापुरता. अद्भुत कथेसमोर वाचक नेमके काय करतो, त्याचा विश्वास कोठून येतो, तो कोठे अडतो, हे प्रश्न आपण क्वचितच विचारले आहेत.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न एका संहितेच्या निमित्ताने विचारावयाचे आहेत. जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालेतील पहिली कादंबरी १९९७ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाली. २००७ पर्यंत मालेचे सात भाग पूर्ण झाले. पहिल्या भागाचा बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केलेला मराठी अनुवाद ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने मंजुल पब्लिशिंग हाउसने काढला. या अनुवादाचे वाचन येथे एका विशिष्ट ठिकाणाहून केले आहे. ते ठिकाण नाशिक जिल्ह्यातील पेठ हा तालुका होय. नाशिकहून सावळघाट उतरून गुजरातेतील धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, कोकणा, महादेव कोळी आणि वारली यांच्या वस्तीचा, नागली-वरई-भाताचा हा डोंगराळ मुलूख. वोल्फगांग ईझर यांनी ‘अभिप्रेत वाचका’ची जी संकल्पना १९७२ मध्ये मांडली, त्या वाचकाला गाव नसते, तो संहितेतच वसलेला असतो. परंतु हान्स रॉबर्ट याउस यांचे ‘अपेक्षांचे क्षितिज’ मात्र कोठून तरीच दिसावे लागते. क्षितिजाला पाहणाऱ्याचे ठिकाण लागते, एवढ्याच अर्थाने येथे पेठ आहे. हे सर्वेक्षण नव्हे आणि पेठच्या मुलांना काय आवडते याचा अहवालही नव्हे. त्या मुलखात ज्या कथा, सोंगे आणि संस्था वाचकाच्या अवतीभोवती असतात, त्यांच्यासह ही कादंबरी वाचली असता ती कशी दिसते, एवढाच प्रश्न आहे.

२

अद्भुताच्या आस्वादाविषयी भारतीय काव्यशास्त्रात जे सर्वांत मार्मिक विवेचन आहे, ते माझ्या मते अद्भुतरसाच्या प्रकरणात नसून अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांची जी चर्चा केली आहे तीत आहे. भरताच्या रससूत्रावरील भाष्यात त्याने सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच विघ्न ‘संभावनाविरह’ हे होय. जे संभवनीयच वाटत नाही त्यात प्रेक्षकाचे चित्त स्थिर होऊ शकत नाही, आणि चित्त स्थिर झाले नाही तर रस कोठला? इथवर ही भूमिका वास्तववाद्याची वाटते. परंतु अभिनवगुप्त लगेच त्यावरचा उपाय सांगतो, आणि तो उपाय असंभाव्याला वगळण्याचा नाही. सामान्य लोकव्यवहारातील विषय असेल तर प्रश्नच नाही. लोकोत्तर पराक्रम दाखवावयाचे असतील तर रामादी प्रख्यात पुरुषांची नावे घ्यावीत, कारण त्यांच्याविषयीचा प्रत्यय अखंड प्रसिद्धीने दृढमूल झालेला असतो. समुद्रावर सेतू बांधणारा कोणी एक इसम असंभाव्य आहे. राम तो बांधतो तेव्हा तो असंभाव्य राहत नाही. संभवनीयता घटनेत नसते, घटनेभोवती साठलेल्या प्रसिद्धीत असते, असा याचा अर्थ होतो.

ही ‘प्रसिद्धी’ म्हणजे आजच्या अर्थाची जाहिरात किंवा ख्याती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ऐकले-पाहिल्यामुळे समाजाच्या मनात घट्ट बसलेला प्रत्यय, असा तिचा अर्थ घेतला पाहिजे. तो घेतला की आधुनिक अद्भुत कादंबरीची अडचण एकदम स्पष्ट होते. तिला राम नाही. तिच्या नायकाचे नाव कोणी ऐकलेले नसते. मग तिने विश्वास आणावयाचा कोठून? टोल्कीन यांचे उत्तर (१९३९ च्या व्याख्यानात दिलेले) असे की लेखकाने आपली ‘दुय्यम सृष्टी’ इतकी सुसंगत रचावी की वाचक तिच्या आत असेपर्यंत तिचे नियम त्याला खरे वाटावेत. म्हणजे प्रसिद्धीचे काम सुसंगतीने करावयाचे. हे उत्तर अपुरे आहे. कोणतीही दुय्यम सृष्टी शून्यातून उभी राहत नाही. ती वाचकाकडे आधीच असलेल्या प्रसिद्धीतून उसनवारी करते. इंग्रज वाचकाकडे झाडूवर बसून उडणारी चेटकीण, टोकदार टोपीचा जादूगार, किमयागार हे सर्व आधीपासून असते. रोलिंग यांनी त्यातले बहुतेक काही नव्याने निर्माण केलेले नाही, आणि हेच त्यांचे कौशल्य आहे.

त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुताची जी व्याख्या केली, ती याच्या नेमकी उलट दिशेने जाते. त्यांच्या मते घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हा संदेह जोवर टिकतो तोवरच खरे ‘फँटास्टिक’ अस्तित्वात असते. गंमत अशी की अभिनवगुप्ताच्या सात विघ्नांच्या यादीत अखेरचे विघ्न ‘संशययोग’ हेच आहे. त्याच्या मनातला संशय वेगळ्या जातीचा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे: अश्रू पाहून हे शोकाचे की आनंदाचे, असा तो संशय आहे. तरीही एका परंपरेने जो आस्वादाचा प्राण मानला, तो दुसरीने अडथळ्यांत मोजावा, हे केवळ शब्दसाम्य म्हणून सोडून देता येत नाही. प्रत्येक परंपरेने कोणता प्रेक्षक गृहीत धरला आहे, याचा तो निदर्शक आहे.

आपली कादंबरी या दोहोंपैकी कोणाच्या बाजूची? पहिल्या प्रकरणात डर्स्ली नावाच्या एका नाकासमोर चालणाऱ्या गृहस्थाला रस्त्याच्या कोपऱ्यावर नकाशा वाचत बसलेले मांजर दिसते. तो पुन्हा वळून पाहतो तो मांजर आहे, नकाशा नाही. दिवसाढवळ्या घुबडे उडतात, विचित्र झगे घातलेली माणसे भेटतात, आणि हा गृहस्थ प्रत्येक वेळी स्वतःची काहीतरी समजूत घालतो. तोदोरोव यांचा संदेही वाचकच येथे पात्र होऊन आला आहे. आणि तो विनोदी पात्र आहे. कादंबरी आरंभीच सांगते की संशय घेणे हे काम डर्स्लींचे, वाचकाने ते करू नये. पेठच्या वाचकाला ही सूचना देण्याची गरज पडत नाही.

३

वाचकाच्या प्रसिद्धीभांडाराला अनुवाद कसा हात घालतो, हे पाहण्यास शीर्षकच पुरेसे आहे. मूळ शीर्षकात युरोपीय किमयागारांचा ‘तत्त्वज्ञाचा दगड’ आहे. १९९८ च्या अमेरिकन आवृत्तीत ‘तत्त्वज्ञ’ जाऊन तेथे ‘जादूगार’ आला. फ्रेंच अनुवादाने दगड सोडूनच दिला आणि शीर्षकात जादूगारांची शाळा आणली. हिंदीत ‘पारस पत्थर’ झाला आणि मराठीत ‘परीस’. अमेरिकन प्रकाशकाने वाचकाकडे ही प्रसिद्धी नाही असे मानले. मराठी अनुवादकाने ती आहे असे मानले, पण ती निराळ्या वस्तूची आहे.

हा निराळेपणा बारकाईने पाहण्यासारखा आहे. युरोपीय दगडाची कार्ये दोन: हलक्या धातूचे सोने करणे आणि अमृतासारखे आयुष्यवर्धक द्रव्य देणे. कादंबरीचे सगळे कथानक दुसऱ्या कार्यावर उभे आहे. निकोलस फ्लामेल या दगडामुळे ६६५ वर्षे जगला आहे, त्याची पत्नी ६५८ वर्षांची आहे, आणि खलनायकाला दगड हवा आहे तो सोन्यासाठी नव्हे, देह आणि आयुष्य परत मिळविण्यासाठी. आपल्या रसविद्येतही लोहवेध आणि देहवेध अशी दोन्ही अंगे आहेत. पण ती पाऱ्याची विद्या, ‘रसा’ची. परीस म्हणजे स्पर्शमणी. लोखंडाला लागला की सोने, एवढेच त्याचे काम. मरण टाळण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ‘परीस’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाचे अपेक्षांचे क्षितिज सोन्याकडे वळते, आणि कादंबरी मात्र मरणाविषयी बोलत असते. कोशाच्या कसोटीवर हा अनुवाद सदोष ठरेल.

मला तो तसा वाटत नाही. कारण परीस मराठी वाचकाकडे एकटा येत नाही. तो नामदेवाला घेऊन येतो. महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) आलेली परिसा भागवताची कथा सर्वश्रुत आहे. परिसा भागवताला रुक्मिणीकडून परीस मिळालेला. नामदेवाच्या घरी दारिद्र्य. परिसा भागवताच्या पत्नीकडून राजाईने तो परीस आणला, आणि नामदेवाला कळताच त्याने तो चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवताने आपली वस्तू परत मागितली तेव्हा नामदेवाने नदीत हात घालून मूठभर खडे काढून दिले. ते सगळेच परीस निघाले. नाथपंथीय कथेतही हाच आकृतिबंध आढळतो. ‘नवनाथ भक्तिसारा’त (१८१९) मच्छिंद्रनाथ जवळ बाळगत असलेली सोन्याची वीट गोरखनाथ फेकून देतो आणि मग अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवितो. त्र्यंबकेश्वर हे नाथपंथाचे आणि निवृत्तिनाथांच्या समाधीचे क्षेत्र पेठला लागूनच असल्याने या कथा तेथे पोथीबाहेरही ऐकू येतात.

या कथांचे तर्कशास्त्र असे आहे: ज्याला नको त्यालाच तो मिळतो, आणि त्याने तो फेकल्याने सिद्ध होते की तो मिळण्यास तोच पात्र होता. आता कादंबरीचा शेवट पाहावा. परीस एका आरशात ठेवलेला आहे. पाहणाऱ्याच्या अंतःकरणातली उत्कट इच्छा दाखविणारा हा आरसा. ज्याला परीस वापरावयाचा आहे त्याला आरशात तो स्वतः सोने करताना किंवा अमर होताना दिसेल. परीस हाती येणार नाही. ज्याला तो सापडावा एवढेच वाटते, वापरावयाचा नाही, त्याच्या खिशात तो आपोआप येतो. डंबलडोर या वृद्ध आचार्याने ही योजना केली आहे आणि तिचा त्याला सार्थ अभिमान आहे. इंग्रज समीक्षक येथे फार तर एक चतुर कोडे पाहील. मराठी वाचकाला येथे कोडे नाहीच. त्याला नामदेवाचा हात चंद्रभागेत गेलेला दिसतो. भरताने नाटकाच्या निर्वहणात अद्भुताची योजना करावी असे सांगितले आहे, त्याचे मर्म अशा ठिकाणी कळते. अखेरचा विस्मय अनपेक्षिताचा नसतो. जे आपल्याला ठाऊक होते ते अनोळखी ठिकाणी भेटण्याचा असतो.

परंतु हा सुसंवाद फार ओढू नये. नामदेवाच्या त्यागाची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही. राजाईला द्यावी लागते असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण कथा तिच्या बाजूने थांबत नाही. रोलिंग यांच्या कादंबरीत परीस नष्ट केला जातो आणि त्यामुळे निकोलस फ्लामेल आणि त्याची पत्नी मरणार हे अकरा वर्षांच्या मुलाला सांगितले जाते. मुलगा अडखळतो. त्याने परीस वाचविला तो दोघांच्या मरणासाठी काय? डंबलडोर मरणाला पुढचा प्रवास मानण्यास त्याला शिकवू पाहतो, पण मुलाला ते पटले असे कादंबरी म्हणत नाही. ईझर ज्यांना संहितेतील ‘रिक्त जागा’ म्हणतात त्यांपैकी ही एक. आणि माझ्या वाचनात ‘परीस’ या शब्दाने ती अधिक रुंद केली आहे. नामदेवाच्या कथेच्या बळावर वाचक निर्धास्तपणे शेवटाकडे आलेला असतो. परीस फेकला की सर्वांचे भलेच होणार अशी त्याची खात्री असते. तेथे त्याला दोन म्हातारी माणसे मरताना भेटतात. मूळ इंग्रजी वाचकाला, दगडाचे आयुष्याशी असलेले नाते आधीच ठाऊक असल्याने, हा धक्का इतका बसणार नाही.

४

प्रसिद्धी नेहमी पोथीतूनच येते असे नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल आणि पलीकडे जव्हार-मोखाडा या पट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्री संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत येते: गणपती, सरस्वती, मारुती, खंडेराव, वेताळ, रावण, देवी आणि महिषासुर. मुखवटे मोठे आणि जड असतात, सोंग घेणाऱ्याच्या डोक्याला ते घट्ट बांधावे लागतात. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यावयाचे हे बहुधा परंपरेने ठरलेले असते. काही सोंगे नवसाची असतात. मुखवट्याखाली कोण आहे हे पाहणाऱ्यांतल्या पोरासोरांनाही माहीत असते. देवीचे सोंग समोर आले की तेच लोक हात जोडतात. यात त्यांची फसगत झालेली नसते आणि ते नाटकही करीत नसतात. कोलरिज यांनी १८१७ मध्ये ‘अविश्वासाच्या स्वेच्छेने केलेल्या स्थगिती’ची जी कल्पना मांडली ती येथे लागू करता येत नाही, कारण स्थगित करण्यासाठी आधी अविश्वास लागतो.

या प्रेक्षकाच्या दृष्टीने कादंबरीतील क्विरल हे पात्र अत्यंत लक्षणीय ठरते. क्विरल हा भित्रा, अडखळत बोलणारा शिक्षक डोक्याला भला मोठा फेटा गुंडाळून वावरतो. अखेरीस फेटा सुटतो आणि त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूस खलनायकाचा चेहरा असल्याचे उघड होते. कादंबरीतील सर्वांत भयंकर प्रसंग हा. आता बोहाड्यात रोजचेच असलेले दृश्य येथे उलटे झाले आहे. बोहाड्यात माणसाच्या डोक्यावर दुसरा चेहरा बांधलेला असतो तो देवाचा किंवा असुराचा, आणि तो सर्वांसमक्ष बांधलेला असतो. खालचा चेहरा गुप्त नसतो, वरचाही नसतो. क्विरलच्या बाबतीत दुसरा चेहरा लपलेला आहे आणि भय त्या लपण्यातून निर्माण होते. म्हणून बोहाडा पाहत वाढलेल्या वाचकाला क्विरलची भीती एका डोक्याला दोन चेहरे आहेत याची वाटणार नाही. ते त्याने पाहिलेले आहे. एका घराने, गावाच्या संमतीवाचून, रात्री गुपचूप सोंग बांधले, याची वाटेल. भयाचे केंद्र शरीराकडून सरकून संमतीकडे जाते. मी या प्रसंगाकडे नेहमी अशाच दृष्टीने पाहत आलो आहे, आणि क्विरलने खलनायकाला स्वतः आपल्या देहात थारा दिला या कादंबरीतील तपशिलाशी हे वाचन सुसंगत आहे.

याच्या शेजारी एक लहानसे उलट उदाहरण ठेवावेसे वाटते. प्रसिद्धी विश्वास देते तशी ती आडवीही येते. कादंबरीत पत्रे घुबडे आणतात. पक्षी दूत होतो यात मराठी वाचकाला नवे काही नाही; नल-दमयंतीचा हंस त्याला ठाऊक आहे. पण घुबड घरावर बसणे हे आपल्याकडे अशुभाचे लक्षण. नायकाच्या भाग्योदयाचे पत्र घेऊन घुबड येते तेव्हा वाचक आनंदापूर्वी क्षणभर दचकतो. कादंबरी पुढे घुबडालाच नायकाचा सोबती करते आणि ती प्रसिद्धी हळूहळू पुसून काढते. अभिनवगुप्ताने विपरीत प्रसिद्धीचा विचार वेगळा केलेला नाही. अनुवादित अद्भुताच्या अभ्यासात तो करावा लागेल.

५

आता ज्या भागाला सामान्यतः अद्भुत मानले जात नाही त्याकडे वळले पाहिजे. हॅरी पॉटरची माला इंग्लंडातील निवासी शाळेच्या कादंबरीची वारसदार आहे. ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) पासून ती परंपरा तेथे चालत आलेली आहे. शाळेची घरे, घराघरांतील चुरस, रात्री दिवे मालवल्यावर निजण्याच्या खोलीतल्या गप्पा, हे इंग्रज वाचकाला वास्तव वाटते आणि त्यावर जादूचे आरोपण होते. पुण्या-मुंबईच्या मराठी वाचकाला यातले काहीच अनुभवाचे नाही. आईवडिलांच्या घरी राहून शाळेत जाणाऱ्या या वाचकाला निवासी शाळा ही जादूच्या कांडीइतकीच अद्भुत आहे, किंबहुना तिचाच त्याला अधिक हेवा वाटतो.

पेठच्या वाचकाचे तसे नाही. या तालुक्यातील असंख्य मुले आदिवासी विकास विभागाच्या आणि अनुदानित संस्थांच्या आश्रमशाळांतून शिकली आहेत, शिकत आहेत. सहा-सात वर्षांचे मूल पत्र्याची पेटी घेऊन घराबाहेर पडते आणि दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुटी येईपर्यंत शाळेतच राहते. त्यामुळे वास्तव आणि अद्भुत यांची कादंबरीतील वाटणी या वाचकाच्या बाबतीत निराळ्या रेषेवर होते. ओळीत लावलेले बिछाने, जेवणाची घंटा, रात्री आवाज न करता बाहेर पडण्याची युक्ती, एका खोलीतल्या मुलांची आयुष्यभराची मैत्री, हे त्याचे वास्तव आहे. अद्भुत काय, तर त्या शाळेत मुले पोटभर जेवतात, आपल्याला शिकवणाऱ्याशी वाद घालतात आणि तरी त्यांना कोणी हाकलून देत नाही.

सर्वांत मोठा उलटापालट घराच्या बाबतीत आहे. हॅरी मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपतो. त्याला घर नाहीच, म्हणून शाळा हे त्याचे घर होते. नाताळच्या सुटीत इतर मुले घरी जातात, तो आनंदाने शाळेत राहतो. इच्छा दाखविणाऱ्या आरशात त्याला त्याचे मृत आईवडील दिसतात. आश्रमशाळेतील मुलाची स्थिती याच्या विरुद्ध आहे. त्याचे घर दोन डोंगर ओलांडून आहे, आईवडील हयात आहेत, शेतात आवणी चालली आहे, आणि सुटी कधी लागते याचे दिवस तो मोजत असतो. आरसा त्यालाही कदाचित तेच दाखवील, आईबाप. पण हॅरीपुढे जे अशक्य आहे ते याच्यापुढे केवळ लांब आहे. अद्भुत म्हणून रचलेली एक वस्तू येथे अद्भुत राहत नाही, निव्वळ विरहाची होते. करुणाची छटा अद्भुताच्या जागी येते ती वाचकाच्या बाजूने, संहितेच्या नव्हे. रिसबुडांच्या तक्रारीला येथे नेमके उत्तर मिळते. या वाचकाच्या आयुष्यात काही घडत नाही म्हणून तो अद्भुताकडे आलेला नाही. त्याच्या आयुष्यात जे घडते तेच त्याला अद्भुतात निराळे दिसते.

भाषेचा मुद्दाही यातच गुंतलेला आहे. घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी शाळेत भेटते. म्हणजे आश्रमशाळेच्या फाटकातून आत जाताना ते मूल एका दुय्यम सृष्टीत प्रवेश करते. तिचे शब्द, उच्चार आणि नियम निराळे असतात. ते पाळले तरच ती सृष्टी तुम्हाला आपले म्हणते. अनुवादित कादंबरीतील विचित्र नावे आणि जादूचे मंत्र या वाचकाला अडवीत नाहीत. अडविते ती त्यांच्याभोवतीची सुशिक्षित गृहस्थी मराठी, दिवाणखान्याची आणि चहाच्या वेळेची. कणसरीच्या, म्हणजे धान्याच्या माउलीच्या कथा थाळीच्या सुरावर रात्रभर ऐकणाऱ्या घरातून आलेल्या वाचकाला कथेचे अद्भुत परके नाही. तिचा वास्तव भाग परका आहे. आपल्या वर्गात कमी गुण मिळविणारा विद्यार्थी कादंबरीत कोठे अडला हे विचारताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो, कारण ‘कल्पनाशक्ती कमी पडली’ असा शेरा आपण ज्या जागी मारतो त्या जागी बहुधा शब्दसंग्रहाचा प्रश्न असतो.

कादंबरीच्या शेवटी वर्ष संपते, आगगाडी लंडनला परत येते आणि हॅरी उन्हाळ्यासाठी मावशीच्या घरी जातो. जादू शाळेबाहेर वापरावयाची नाही असा नियम आहे. पण तो नियम मावशीच्या मुलाला ठाऊक नाही, तेव्हा सुटी मजेत जाईल, असे तो मित्रांना सांगतो. शहरातला वाचक येथे हसतो आणि पुस्तक मिटतो. पेठच्या वाचकाच्या ओळखीचे यात बरेच आहे: शाळेत मिळालेली एक विद्या घरी नेता येत नाही, घरच्यांना ती दाखविता येत नाही, आणि तिथे नेमके काय शिकलो हे सांगायला घरच्या भाषेत शब्द नाहीत. फरक एवढाच, की हॅरीच्या घरी त्याची वाट पाहणारे कोणी नाही आणि याच्या घरी आहे.